मुकुंदवाडीहून सुटणारी शाही गाडी

“तात्यासाहेब, साखरपुड्याच्या दिवशी तुम्हाला शाही गाडीत नाही बसवलं, तर नावाचा बद्रीनाथ पठाडे नाही!”

हे वाक्य बद्रीभाऊंच्या तोंडून सुटलं आणि बैठकीत अशी काही शांतता पसरली, की आत स्वयंपाकघरात करुणाताईंच्या हातातून पडलेला चमचा सगळ्यांना ऐकू आला. चमचा पडणारच! एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांना एक गोष्ट कळून चुकली होती. नवऱ्याच्या तोंडून ‘नावाचा बद्रीनाथ नाही’ निघालं, की महिनाभर घरात कुणाला झोप नाही.

बद्रीभाऊंचा मुकुंदवाडीत मंडप-डेकोरेशनचा धंदा. चार बांबू, दोन थान कापड आणि थोडं थर्माकोल द्या, ते तुम्हाला भर चौकात राजवाडा उभा करून देतील. लग्न लागलं, पंगती उठल्या, की तोच राजवाडा टेम्पोत घालून घरी घेऊन येतील. माणूस हौशी, हात मोकळा, जीभ त्याहून मोकळी.

आणि समोर बसलेले तात्यासाहेब औताडे म्हणजे याच्या बरोब्बर उलटे. मूळचे अजिंठ्याचे, सगळी नोकरी रेल्वेत मालगाडीचे गार्ड म्हणून केलेली. रिटायर झाले तरी मनगटावर घड्याळ आणि कपाळावर आठी तशीच. ते कधी हसले होते याबद्दल त्यांच्या घरातही एकमत नव्हतं. त्यांचा मुलगा ऋतुराज आणि बद्रीभाऊंची मोनिका वाळूजच्या एकाच कारखान्यात कामाला. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसता बसता दोघांचं जमलं. घरच्यांनीही माना डोलावल्या. अडलं ते तात्यासाहेबांपाशी.

“मंडपवाल्याचं घर,” ते म्हणाले होते. “दिसतं संगमरवर, हात लावला की थर्माकोल! बघू.”

तात्यासाहेबांचं ‘बघू’ म्हणजे पिवळा सिग्नल. गाडी पुढं जाईल, पण दबकत; आणि कधी थांबेल याचा भरवसा नाही.

त्या दिवशी चहा पिता पिता मात्र त्यांची कळी जराशी खुलली. “जिंदगी मालगाडीवर गेली, पठाडे,” ते म्हणाले. “फॉरेनच्या पाहुण्यांची शाही गाडी यायची असली, की आमची गाडी बाजूच्या लायनीत टाकायचे. मी मागच्या डब्यात हिरवा झेंडा धरून उभा. समोरून झुंबरं जायची, झुंबरं! पांढऱ्या कापडाच्या टेबलावर लोक सूप पिऊ राहिले, गाडी निघून चालली. एकानंबी कधी मान वर करून पाहिलं नाय.”

आता एवढं ऐकल्यावर बद्रीभाऊ गप्प बसणार? सुटलंच वाक्य!

संध्याकाळी मोनिकानं शाही गाडीचं भाडं मोबाइलवर शोधून बापापुढं धरलं. बद्रीभाऊंनी चष्मा पुसला. मग मोबाइल पुसला. आकडा तोच!

“आता?” करुणाताईंनी विचारलं.

“आता काय? तिकीट काढतंय कोण?” बद्रीभाऊ मांडीवर थाप मारून म्हणाले. “गाडीच बांधू!”

झालं. गोदामामागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये दोन ट्रॉल्या येऊन उभ्या राहिल्या. ट्रॉल्यांवर प्लायवूडचे डबे चढले. पुढं सांडूचा ट्रॅक्टर. सांडू हा बद्रीभाऊंचा जुना ड्रायव्हर. माणूस हुकमाचा ताबेदार, सांगितलं तेवढंच करणार, पण ते जीव गेला तरी करणार. त्याच्या ट्रॅक्टरला चोहोबाजूंनी इंजिनाचा साज चढला. वर धुराडं, त्यात उदाची धुनी.

आत काय काय हवं, यावर घरात रोज खल.

“पप्पा, मी वाचलेल्या सगळ्या कादंबऱ्यांत असल्या गाडीला मखमली पडदे असतात, पितळी दिवे असतात,” मोनिका म्हणाली. तिला रहस्यकथांचं भारी वेड. “आणि जेवणाच्या डब्यात एक खून होतो.”

“खून कशाला?”

“होतोच! एवढी भारी गाडी, मग करणार काय आत बसून?”

“आपल्याकडं मठ्ठा-जिलेबी होईल,” करुणाताईंनी विषय संपवला. त्यांचं ज्ञान टीव्हीवरच्या मालिकांतलं. त्यांच्या मते शाही डब्यात मोठा आरसा पाहिजेच, कारण सगळ्या सासवा त्यात बघूनच कट रचतात.

बद्रीभाऊंच्या आई चतुराबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत सगळं ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारलं, “बद्री, संडास हाय का त्या गाडीत?”

“नाय, आई.”

“मंग कशाची शाही!”

पण सगळ्यावर कडी केली ती कडुबानं. कडुबा ट्रकच्या मागं मोर, कमळ आणि डोळे वटारलेला वाघ काढणारा पेंटर. गाडी जागेवर उभी. पण खिडकीबाहेर मुलूख पळताना दिसला पाहिजे, अशी बद्रीभाऊंची कल्पना. म्हणून जुन्या मंडपाची कापडं जोडून कडुबानं गाडीएवढा लांब पडदा रंगवला आणि दोन टोकांना उभ्या केलेल्या लोखंडी नळकांड्यांवर माळेसारखा गोल चढवला. मागून दोन गड्यांनी हँडल फिरवायचं, की खिडकीतून दौलताबादचा किल्ला, मग मोसंबीची बाग, मग एक म्हैस, मग बीबी का मकबरा आणि शेवटी समुद्र!

“अरे कडुबा, आपल्याकडं समुद्र कुठून आला?”

“शाही गाडी हाय ना भाऊ? मंग जाऊ द्या की लांबवर!”

साखरपुड्याचा दिवस उजाडला. पाहुणे आले आणि गाडी पाहून जागच्या जागी थिजले. डब्यांना गर्द निळा रंग, वर सोनेरी वेलबुट्टी. आत गालिचा, मखमली खुर्च्या, छताला चार झुंबरं. लग्नाच्या हॉलमधली होती, पण दिसत होती नवाबाघरची. फेटेवाले वाढपी अदबीनं सरबत फिरवू लागले. तात्यासाहेब पत्नी चंपाबाईंसह आले, पायऱ्या चढले, खुर्चीवर टेकले. सरबताचे दोन ग्लास झाले, तेव्हा कुठं बद्रीभाऊ फेटा सावरत पुढं आले. तात्यासाहेबांनी खिडकीची चौकट बोटानं ठोकून पाहिली. टक् टक्. प्लाय.

“हं,” ते म्हणाले.

बद्रीभाऊंनी घाईघाईनं खिडकीतून हाळी दिली. पडद्यामागच्या गड्यांनी हँडल मारलं. मुलूख पळू लागला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. किल्ला गेला, मोसंबी गेली, म्हैस गेली, मकबरा गेला, समुद्र गेला. पुन्हा किल्ला, पुन्हा म्हैस. गड्यांना टाळ्या ऐकू आल्या, तसे ते चेकाळले आणि हँडल जोरात फिरवू लागले. किल्ला-म्हैस-मकबरा, किल्ला-म्हैस-मकबरा!

“ही म्हस आपल्याबरुबरच पळू राहिली काय?” चतुराबाईंनी विचारलं.

मोनिकाच्या मावशी पारूबाई तेवढ्यात तोंडाला पदर लावून उठल्या. गाडी जागेवर उभी आणि पारूबाईंना गाडी लागली! कुणी लिंबू शोधतंय, कुणी वारा घालतंय. आणि या सगळ्या गोंधळात तात्यासाहेब ताडकन उभे राहिले.

“पठाडे! ही गाडी सुटली?”

“व्हय... म्हणजे तशी सुटली...”

“कुणाच्या हुकमानं? शिट्टी नाय, झेंडा नाय! गार्ड कुठं हाय हिचा?”

गार्ड! झुंबर होतं, आरसा होता, समुद्रसुद्धा होता. गार्ड बद्रीभाऊंच्या डोक्यातच आला नव्हता. पण मंडपवाल्याचं डोकं ते. मंडपाचा खांब ऐन वेळी कमी पडला, तर माणूस उभा करायची सवय.

“साहेब, तुम्ही असताना दुसरा गार्ड लावायची आमची काय बिशाद? तुमचीच वाट पाहत होतो! मागं जागा राखून ठेवलीय.”

मागच्या डब्याच्या टोकाला जिलेबीची परात ठेवायला एक सज्जा काढला होता. बद्रीभाऊंनी परात डब्यात ओढली. कुणाच्या तरी नातवाच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली. झेंडा? चंपाबाईंच्या ओटीच्या ताटात हिरवागार खण होता, तो उचलला. तात्यासाहेब त्या सज्ज्यावर जाऊन उभे राहिले आणि काय सांगावं! पाठ ताठ झाली. छाती पुढं आली. मालगाडीच्या पाचपन्नास वाघिणी पुढं घालून निघाल्यासारखा चेहरा झाला.

बद्रीभाऊ पळतच पुढं गेले. आता उभ्या गाडीला नुसता पडदा पुरणार नव्हता. ट्रॅक्टरचं इंजिन सुरू झालं असतं तर डबे कसे छान थरथरले असते, प्रवास वाटला असता.

“सांडू! तात्यासाहेबांनी शिट्टी मारून झेंडा दाखवला, की गाडी चालू कर!”

“करतो, मालक!”

आता मराठीत ‘गाडी चालू कर’ म्हणजे नक्की काय, हे ऐकणाऱ्यावर आहे. बद्रीभाऊंना म्हणायचं होतं, इंजिन सुरू कर. सांडूला कळलं, गाडी चालव. तरी काळजी नव्हती, कारण चाकांना मोठमोठे दगड लावले होते. म्हणजे सकाळी लावले होते. मधल्या वेळात आचाऱ्याला चुलाण मांडायला दगड कमी पडले, आणि इतके सुबक दगड त्याला दुसरीकडं कुठं मिळणार?

शिट्टी वाजली. अशी वाजली, की झाडावरचे पोपट उडाले. हिरवा खण फडफडला. सांडूनं आरशात पाहिलं, गियर टाकला आणि शाही गाडी सुटली!

एक हिसका बसला. झुंबरं किणकिणली. “वाऽऽ!” सगळा डबा एकसुरात म्हणाला. पुढच्याच क्षणी प्लॉटच्या तोंडाशी असलेली स्वागतकमान धुराड्यात अडकली, खांबासकट उपटली गेली आणि इंजिनाच्या कपाळावर ‘सुस्वागतम्’ मिरवत गाडी रस्त्याला लागली. कडुबाचा पडदा मागं राहिला.

बद्रीभाऊ नुकतेच डब्यात परतले होते. त्यांनी बाहेर पाहिलं आणि खिडकीची चौकट गच्च धरली. पाहुणे मात्र खूष!

“पाहा पाहा, चित्र बदललं! काय हुबेहूब काढलंय!”

“अगदी आपल्या मुकुंदवाडीसारखं! ती पिठाची गिरणी पाहा!”

“कडुबाच्या हातात जादू हाय बुवा. धूळ पण उडू राहिली चित्रातून!”

लिंबू चोखत पारूबाई खिडकीशी आल्या. लांबवर एक पानटपरी दिसत होती. टपरीपुढं एक इसम गालात पान दाबून उभा होता.

“अगं बया! कडुबानं आमच्या मालकांना पण काढलं की! लई डोकं दुखतंय म्हणून ते घरी झोपलेत बिचारे.” त्या कौतुकानं पाहू लागल्या. गाडी जवळ आली. चित्रातल्या मालकांनी पारूबाईंना पाहिलं. पान गिळलं. आणि टपरीमागं दडी मारली.

पारूबाईंनी चोखलेलं लिंबू खिडकीतून असं नेम धरून मारलं, की ते चित्र नाही हे सगळ्या डब्याला एकदमच कळलं.

“बद्री,” चतुराबाई शांतपणे म्हणाल्या, “तुझी गाडी खरंच निघालीय रे.”

मग जो काय हलकल्लोळ उडाला! बद्रीभाऊ सांडूला हाका मारत पुढं धावले. पण मध्ये प्लायवूडचं इंजिन, त्यात ट्रॅक्टरची फटफट, उदाचा धूर आणि वर सनईचं रेकॉर्डिंग. सांडूला हाक कुठली ऐकू यायला? बद्रीभाऊंनी फोन लावला. सांडूच्या खिशात फोन वाजला, वाजला आणि वाजून थांबला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, ही ताकीद सांडूला बद्रीभाऊंनीच दिली होती.

रस्त्यावर लोक तोंडात बोटं घालून उभे. एका रिक्षावाल्यानं रिक्षा बाजूला घेतली आणि ओरडला, “अरे मामू! पटरी छोड के इधर कायकू आ गए?” स्टेशनाकडं निघालेला एक गृहस्थ पिशवी घेऊन मागच्या डब्याबरोबर पळायला लागला.

“ओ साहेब, जालन्याला जाती का?”

“जाते!” सज्ज्यावरून तात्यासाहेब कडाडले. “पण शाही गाडी हाय ही! मधी थांबत नाय! पुढच्या पॅसेंजरनं या!”

बद्रीभाऊंनी मागच्या खिडकीतून हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. व्याह्यांना वाटत होतं, गाडी ठरल्याप्रमाणंच चाललीय. कळेल तेव्हा? ‘हात लावला की थर्माकोल’ म्हणणारा माणूस! पोरीचं ठरता ठरता मोडणार, आणि मोडणार ते आपल्या जिभेनं. मखमली खुर्चीत बसून घामाघूम झालेला तो जगातला पहिला माणूस असावा. समोर मोनिका ऋतुराजचा हात घट्ट धरून बसली होती. तिनं बापाकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं आणि बद्रीभाऊंना वाटलं, आत्ता गाडीखाली जावं. पण गाडी इतकी हळू चालली होती, की तेही नीट जमलं नसतं.

शेवटी गाडी थांबवली ती रेल्वेच्या फाटकानं. घंटी वाजली, दांडा खाली आला, सांडूनं ब्रेक दाबला. डब्यातल्या जिलेब्या सरपटत पुढं गेल्या.

“व्हा खाली!” बद्रीभाऊंनी उडी मारली. पण तोवर तात्यासाहेबही खण आणि शिट्टी घेऊन उतरले होते आणि करारी पावलं टाकत पुढं येत होते. बद्रीभाऊंनी हात जोडले. “तात्यासाहेब, माझं चुकलं, मी आत्ताच...”

“श्शू!” तात्यासाहेबांनी हात वर केला. त्यांचे कान टवकारले होते. “ही पॅसेंजर नाय. हिचा आवाज येगळा हाय.”

आणि वळणावरून ती आली. खरीखुरी शाही गाडी! वेरूळ-अजिंठा पाहून पाहुणे परत निघाले होते. लांबलचक, चकचकीत, एकाही डब्यावर पोपडा नाही. मोठमोठ्या काचा, काचांमागं दिवे, दिव्यांखाली पांढरी टेबलं. फाटकाजवळ ती अगदी मंद झाली.

बद्रीभाऊंनी डोळे मिटून घेतले. संपलं! आयुष्यभर या माणसाला शाही गाडीसाठी बाजूला उभं केलं, आणि आपण आज त्याला शाही गाडीत बसवायचं म्हणून आणून पुन्हा तिच्यासाठी बाजूलाच उभं केलं!

पण गलका ऐकून त्यांनी डोळे उघडले. काचांमागच्या गोऱ्या पाहुण्यांनी सूप सोडलं होतं. चमचे हातात तसेच धरून सगळे उठून खिडक्यांना चिकटले होते. रस्त्यावर उभी असलेली ही कुठली निळी-सोनेरी गाडी? हिच्या धुराड्यातून सुगंधी धूर येतोय, कपाळावर कमान आहे आणि खिडक्या-खिडक्यांतून नऊवारी नेसलेल्या आज्या हात हलवताहेत! आपल्या गाडीत तर असलं काहीच नाही! मोबाइल वर झाले, माना वळल्या. एक बाई तर चतुराबाईंकडं पाहून इतक्या आनंदानं हात हलवत होती, की चतुराबाईंनी तिला जिलेबी दाखवली.

शेवटचा डबा आला. त्याच्या दारात पांढऱ्या गणवेशातला गार्ड उभा. त्यानं फाटकाजवळ ताठ उभा असलेला हा म्हातारा पाहिला, गळ्यातली शिट्टी पाहिली. त्यानं क्षणभरही विचार न करता हिरवा झेंडा बाहेर काढला आणि रीतसर दाखवला. तात्यासाहेबांनी हिरवा खण उंच धरला. गाडी लांब जाऊन ठिपका होईपर्यंत धरला.

मग ते वळले. डोळे ओले होते.

“पठाडे,” ते म्हणाले, “सगळ्यांनी मान वर करून पाहिलं हो.”

तेवढ्यात डब्यातून गुरुजी ओरडले, “अहो, मुहूर्त चालला!”

“मग इथंच उरका!” करुणाताईंनी हुकूम सोडला. “फाटक उघडायच्या आत!”

अंगठ्या बाहेर आल्या. मागं खोळंबलेल्या दुचाकीवाल्यांना काय चाललंय ते कळलं आणि त्यांनी हॉर्नचा असा काही गजर केला, की बँडवाल्यांनी लाजावं. मोनिकानं ऋतुराजला अंगठी घातली, ऋतुराजनं मोनिकाला. मघाचा रिक्षावाला सगळ्यांच्या पुढं उभा राहून टाळ्या वाजवत होता. चंपाबाई पुढं आल्या आणि नवऱ्यापुढं हात पसरला.

“द्या तो झेंडा इकडं. सुनेची ओटी भरायचीय!”

तात्यासाहेबांनी खण दिला. पण शिट्टी नाही दिली.

दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर उलटा फिरत नाही. त्यामुळं फाटक ओलांडून, मोठा वळसा घालून, दिसेल त्याला जिलेबी वाटत गाडी परत मुक्कामी आली. प्लॉटमध्ये पडदा गरागरा फिरतच होता. पडद्यामागच्या गड्यांना गाडी गेल्याचा पत्ताच नव्हता! “एकदाबी थांबलो नाय, मालक!” ते धापा टाकत म्हणाले. कडुबानं मात्र पहिला प्रश्न विचारला, “समुद्र कसा वाटला?”

पाहुणे उतरले. तात्यासाहेबांनी बद्रीभाऊंना बाजूला घेतलं आणि खांद्यावर हात ठेवला.

“मानलं तुम्हाला. काय इंतजाम! गाडी नेमकी फाटकाशी नेली, नेमकी शाही गाडीच्या टायमाला नेली, आणि नेमका तिथंच मुहूर्त. एवढं टायमिंग आमच्या कंट्रोलरूमला कधी जमलं नाय. मोनिका आजपासून आमची!”

बद्रीभाऊंनी एकदा करुणाताईंकडं चोरून पाहिलं. मग छाती फुगली. “छे हो, साहेब! नियोजन म्हटलं की हे आलंच. महिनाभर डोकं लावलं होतं!”

करुणाताई खोकल्या.

“फक्त एक,” तात्यासाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि कपाळावर जुनी आठी उमटली. “गाडी सुटायलाच उशीर झाला. पाहुणे कवाचे बसलेले. कारण?”

“त्याचं काय आहे साहेब,” बद्रीभाऊ समजुतीनं हसले, “शेवटी पोरीबाळींची जात. मोनिकाचं आवरणं म्हणजे तुम्हाला माहितीच...”

“पप्पा!” मोनिका मागंच उभी होती. “मी सगळ्यांत आधी येऊन बसले होते! तुम्हीच त्या मोठ्या आरशापुढं उभं राहून तीनदा फेटा सोडून बांधला!”

तात्यासाहेबांनी बद्रीभाऊंच्या फेट्याकडं पाहिलं. तो एका कानावर आला होता. आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले, मिशा थरथरल्या, आणि अजिंठ्याच्या औताडे घराण्याला ज्याबद्दल शंका होती, ते हसू अखेर सगळ्यांसमोर फुटलं.

बद्रीभाऊंनी फेटा उतरवला, काखेत मारला आणि पंगतीचं काही राहिलंय का ते पाहायला म्हणून जे सटकले, ते बराच वेळ कुणाला दिसलेच नाहीत.